आमच्या गांवचीं बावखलें



वसईचा इतिहास सांगावयाचा म्हटलें म्हणजे लेखणी आपोआप किल्ल्याकडे धांव घेते. महोत्सवाच्या या शुभप्रसंगीं आम्ही वाचकांस किल्ल्याऐवजीं आपल्या वाडींत नेऊं इच्छितों.

हा मुलूख फार प्राचीन. जवळच सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. तेथील स्तूपाचें उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं केलें. १५३४ मध्यें गुजरातच्या सुलतानानें वसई पोर्तुगीजांस दिली. याच मातींत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें हुतात्मा झाले. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला. राज्यें आलीं व गेलीं. येथील ख्रिस्ती शेतकरी व कोळी मात्र आपल्या श्रद्धेसह व बोलीसह गांवींच राहिले.

शेतकरी तगला तो बावखलाच्या आधारानें. समुद्र हाकेच्या अंतरावर असतांहि विहिरी गोड्या राहत. कारण पावसाचें पाणी बावखलांत सांचून भूमींत मुरे व खाऱ्या पाण्यास मागें रेटी. त्याच पाण्यावर रहाट फिरत, केळी व पानवेली पोसल्या जात. १८६४ सालीं लोहमार्ग मुंबईस पोंचला, आणि वसईच्या मालास महानगरीचा बाजार जवळ झाला.

पुढें त्याच मार्गानें नगर आमच्याकडे आलें. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिची वस्ती १२ लाखांवर भरली. घरांसाठीं बावखलें बुजत गेलीं. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसई जलमय झाली, तेव्हां पाण्याची जुनी ठिकाणें सर्वांस आठवलीं.

दोष केवळ परक्यांचा, असें आमच्यानें म्हणवत नाहीं. भूमि विकतांना सह्या आपल्याच लोकांनीं केल्या. आणि आम्ही धर्मगुरूहि त्या वेळीं वेदीवरून पुरेसें बोललों नाहीं.

ज्या पूर्वजांसाठीं आपण महोत्सवाची मिस्सा अर्पण करीत आहों, त्यांनीं हीं बावखलें स्वतःच्या हातांनीं खणलीं होतीं. म्हणून आमची विनंति एवढीच, कीं स्मारकाची संगमरवरी शिला बसविण्यापूर्वीं गांवांतील एक तरी बुजलेलें बावखल उपसूं या. नातवंडांनीं विहिरीचें गोडें पाणी प्यावें, याहून मोठें स्मारक तें कोणतें? प्रभु हें कार्य सिद्धीस नेवो.