मुलचेऱ्यात धंदा कोणी निवडला?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतली मुलं विचारू लागतात, "सर, माझ्यासाठी कोणतं करिअर बरोबर?" मी इतिहासात रमणारा माणूस, समुपदेशक नव्हे. म्हणून मी त्यांना मुलचेऱ्याची गोष्ट सांगतो. काहींना ती आडवळणाची वाटते. वाटू दे.

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्यातला जंगलतालुका. मुलूख गोंड आणि माडियांचा. पण सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा गावांत गेलात तर घराघरांत बंगाली कानावर पडते. साग-बांबूच्या या रानात बंगाली माणूस आला कुठून?

27 डिसेंबर 1963 रोजी श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून मू-ए-मुकद्दस, म्हणजे पैगंबर साहेबांचा म्हणून जपलेला पवित्र केस, नाहीसा झाला. 4 जानेवारीला तो सापडलाही. पण तोवर पूर्व पाकिस्तानात खुलना भागात हिंदूंवर हल्ले सुरू झाले होते. मग कोलकात्यात आणि मार्चमध्ये राउरकेला, जमशेदपूरकडे मुसलमान मारले गेले. दोन्हीकडे मेले ते गरीब, ज्यांतल्या बहुतेकांनी काश्मीर कधी पाहिलंही नव्हतं.

त्या वर्षी सीमा ओलांडून आलेल्यांत नमःशूद्र मोठ्या संख्येने होते. खुलना, जेसोर, फरीदपूर, बारिसालच्या दलदलीत भात पिकवणारी, होड्या चालवणारी, मासे धरणारी ही जात. पश्चिम बंगाल म्हणाला, आता आमच्याकडे जागा नाही. मग त्यांना आगगाडीने रायपूरजवळच्या माना छावणीत आणलं. तिथून कोणी दंडकारण्यात गेले, कोणी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. (गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला.)

करिअरचा प्रश्न त्यांच्यापुढेही होता, फक्त उत्तर दुसऱ्याने लिहिलं. पुनर्वसनाच्या कागदावर ढोबळ दोनच वर्ग होते, शेतकरी आणि बिगरशेतकरी. शेतकरी ठरलात तर जमीन. ज्याचं अर्धं पोट नदीवर चालायचं, त्याचं काय? त्याला तिसरा रकाना नव्हता. बाहेर पावसाच्या भरवशावरची, जंगल तोडून काढलेली जमीन होती. आणि ते जंगल ज्यांचं, त्या माडिया-गोंडांना तर कोणी काही विचारलंच नाही.

इब्न खल्दूनने 1377 मध्ये मुकद्दिमा लिहिला. त्यात उपजीविकेवर एक अख्खं प्रकरण आहे. एखादा हुनर माणसाच्या अंगात मुरला की दुसऱ्या हुनरात तो क्वचितच तितका पारंगत होतो, असं तो म्हणतो. आपल्या मोमीन विणकरांकडे बघितलं की ते पटतं. 1857 नंतर बनारस, मऊ, आझमगडकडून ते मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव, भिवंडीला आले. उपाशी आले, पण माग उभा करता येईल अशी जागा त्यांनी स्वतः शोधली. माग नवा बांधता येतो. नदी कशी बांधणार?

तरी मुलचेऱ्याने इब्न खल्दूनला थोडं खोटं पाडलं. या लोकांनी परक्या मातीत भात उभा केला. मग जिथे पाणी साठेल तिथे तळी आणि तळ्यांत मासे. सरकारने न विचारलेला हुनर मागच्या दाराने परत आला. मला या इतिहासातलं हे सर्वांत आवडतं पान वाटतं.

पण नातवंडांना तळं पुरत नाही, त्यांना नोकरी हवी. आणि इथे पुन्हा कागद आडवा येतो. 9 जून 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, प्राथमिक शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. माझ्या मते हे न्यायाचंच होतं. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या रानातून साग गेला, त्याला निदान वनरक्षकाची वर्दी तरी मिळावी. मात्र त्याच गावातल्या बंगाली मुलाला तेव्हा हा दरवाजा बंद झाला, हेही खरं.

त्याला दुसरा दरवाजा असायला हवा होता. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत येतात. या याद्या राज्यवार असतात आणि महाराष्ट्राच्या यादीत ही जात नाही. मुसलमान वाचकाला कागदाचा हा खेळ नवा नाही. 1950 च्या आदेशाने आपल्यातल्या मेहतर, खाटिकांना या यादीबाहेर ठेवलं, ते आजतागायत. म्हणून मुलं आवडीनिवडीचं बोलू लागली की मी आधी विचारतो, भरतीची जाहिरात वाचलीस का? जागा कोणासाठी आहेत ते पाहिलंस का?

एक गोष्ट मात्र या मुलांना सांगताना माझाच आवाज चढतो. 1946 मध्ये बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमःशूद्र सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी मतं उभी केली होती. त्याच जातीची नातवंडं आज बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात राहतात. नदिया जिल्ह्यातला चुलतभाऊ अनुसूचित जातीचा दाखला जोडून अर्ज भरतो, सुंदरनगरचा भाऊ तोच रकाना रिकामा सोडतो.