विद्यार्थी-नियतकालिके (रत्नागिरी व मुंबई)

विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली व त्यांच्या सभेने किंवा मंडळाने चालविलेली पत्रे. विद्यार्थ्यांसाठी शिक्षकांनी वा सरकारी खात्याने काढलेली मासिके या नोंदीत धरलेली नाहीत. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात (१९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग जिल्हा यातच होता) महाविद्यालय १९४५ पर्यंत नव्हते. त्यामुळे येथील विद्यार्थ्यांच्या लेखनाचा आरंभ शोधावा लागतो तो मुंबईत.

पूर्वपीठिका : पोंभुर्ले (ता. देवगड) येथील बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा त्यांचे वय सुमारे वीस वर्षांचे होते (जन्मतारखेबाबत मतभेद आहेत). पत्र आरंभी पाक्षिक व ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झाले. पृष्ठावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी व दुसऱ्यात मराठी मजकूर. ते जुलै १८४० च्या सुमारास बंद पडले, आणि त्याच वर्षी त्यांचे ‘दिग्दर्शन’ हे मासिक निघाले. दोन्ही पत्रे विद्यार्थ्यांची नव्हेत. मात्र मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये जांभेकर अध्यापक असल्याने, मराठीत शास्त्रीय विषय लिहिता येतो हे पुढच्या पिढीने वर्गातच पाहिले. जांभेकरांचे निधन १८४६ मध्ये झाले.

मराठी ज्ञानप्रसारक : एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ जून १८४८ मध्ये प्रा. पॅटन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्यांत दादाभाई नौरोजी हे प्रमुख होते. मूळ सोसायटीचे काम इंग्रजीत चाले. देशी भाषांत व्याख्याने व लेखन करण्यासाठी तिच्या शाखा निघाल्या, त्यांतील मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा (१८४८). व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) तिचे अध्यक्ष होते. गुजराती शाखेचेही याच नावाचे मासिक होते.

सभेचे मासिक ‘मराठी ज्ञानप्रसारक’ एप्रिल १८५० मध्ये सुरू झाले. कामाची रीत अशी : सभासदाने निबंध तयार करावयाचा, तो बैठकीत वाचावयाचा, त्यावर चर्चा व्हावयाची, आणि पसंतीस उतरलेले निबंध मासिकात यावयाचे. पदार्थविज्ञान, भूगोल, इतिहास, आरोग्य, व्यापार, स्त्रीशिक्षण हे नेहमीचे विषय. धर्ममताचा वाद व राजकारण यांपासून सभा सहसा दूर राही. त्याच सुमारास ‘ज्ञानोदय’सारखी मिशनरी पत्रे धर्मचर्चेत गुंतली होती व ‘प्रभाकर’मधून लोकहितवादींची शतपत्रे गाजत होती. हे लक्षात घेता सभेचा संयम विशेष ठरतो. त्याची कारणे निश्चित सांगणे कठीण आहे. शाळा सरकारी आश्रयाखालील असणे हे त्यांपैकी एक मानले जाते.

इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला वाफेचे यंत्र किंवा ग्रहण मराठीत समजावून द्यावयाचे म्हणजे शब्द प्रथम जुळवावे लागत. संस्कृतातून घ्यावा, बोलीतून उचलावा, की इंग्रजीच नागरीत लिहावा, हा प्रश्न लेखागणिक सोडवावा लागे. मराठी शास्त्रीय गद्याच्या अभ्यासकाला या अंकांचे मोल आहे ते मुख्यतः यासाठी. वाङ्मयीन गुणांची अपेक्षा येथे करू नये.

सोसायटीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. आरंभी सभासद विद्यार्थी तेथे विनावेतन शिकवीत. त्यामुळे मासिकातील स्त्रीशिक्षणाची बाजू केवळ कागदावरची नव्हती. अध्यक्ष दादोबांचा संबंध परमहंस सभेशीही होता. तिच्या स्थापनेचे वर्ष १८४७ की १८४९ याविषयी एकमत नाही, व दोन्ही सभांच्या परस्परसंबंधाविषयीही नाही.

मासिक १८६७ पर्यंत चालले, म्हणजे सुमारे सतरा वर्षे. दरम्यान १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आरंभीचे विद्यार्थी शिकून नोकरीला लागले तरी पत्र टिकले, याचे कारण ते कोणा एका संपादकाचे नसून सभेचे होते. ज्या वर्षी ते थांबले त्याच वर्षी रा. भि. गुंजीकरांचे ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले. तेव्हापासून ज्ञानप्रसाराच्या मासिकाचा भार विद्यार्थ्यांच्या सभेवरून संपादकाच्या खांद्यावर आला.

रत्नागिरीशी संबंध : रत्नागिरीच्या सरकारी इंग्रजी शाळेतून एल्फिन्स्टनमध्ये जाणे ही या काळातील ठरलेली वाट होती. मुरूड (ता. दापोली) येथील विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–८९) व मालवण येथे जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) याच वाटेने गेले. मंडलिकांनी १८६४ मध्ये ‘नेटिव्ह ओपिनियन’ काढले. भांडारकर १८६२ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते, व पुढे त्यांनी रत्नागिरी हायस्कूलचे मुख्याध्यापकपद सांभाळले. खुद्द रत्नागिरीतून निघालेली ‘जगन्मित्र’, ‘बळवंत’ इ. पत्रे विद्यार्थ्यांची नसल्याने येथे विचारात घेतलेली नाहीत.

हस्तलिखिते : छापण्याचा खर्च नको व छापखान्यावरील सरकारी नजरही नको, म्हणून एकच प्रत हाताने लिहून ती खोल्याखोल्यांतून फिरविण्याचा प्रघात वसतिगृहांत पडला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वि. दा. सावरकर व त्यांचे मित्र यांनी चालविलेले ‘आर्यन वीकली’ हे याचे परिचित उदाहरण. सावरकर पुढे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. हाती लिहिलेले पत्र वाचकांच्या हातातच झिजते. या प्रकाराचा इतिहास म्हणूनच बहुतांशी आठवणींवर उभा आहे.

महाविद्यालयीन वार्षिके : रत्नागिरीतील महाविद्यालय (आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय) १९४५ मध्ये सुरू झाले. त्याचे वार्षिक ‘सहकार’ या नावाने निघते. महाविद्यालयीन वार्षिकांची सर्वसाधारण घडण अशी : भाषावार विभाग, संपादक प्राध्यापक, मंडळावर विद्यार्थी-प्रतिनिधी, खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. विद्यार्थ्यांच्या सभेकडे असलेली मालकी येथे संस्थेकडे आलेली दिसते.