प्रभावळीचा सुभेदार आणि आरमाराचा ऐवज

इ. स. १६७५ च्या जानेवारी महिन्यात, म्हणजे राज्याभिषेकाला पुरते आठ महिनेही लोटले नव्हते तेव्हा, शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक व सुभ्याचे कारकून यांस एक पत्र धाडले. प्रभावळी म्हणजे विशाळगडाच्या पायथ्याचे आजचे प्रभानवल्ली. रत्नागिरी जिल्ह्याच्या लांजे तालुक्यातील हे गाव एके काळी सुभ्याचे ठाणे होते. पत्र लहान आहे. तथापि आरमाराचा पैसा कोठून येत होता, तो कोठे अडत होता आणि अडविणाऱ्याकडे राज्य कोणत्या दृष्टीने पाहत होते, याविषयी इतके उघड बोलणारे दुसरे शिवकालीन पत्र क्वचितच सापडेल.

प्रकरण थोडक्यात असे. मुरूडच्या किनाऱ्यासमोर, सिद्दीच्या जंजिऱ्याला शह देण्यासाठी, पद्मदुर्ग उभा राहत होता. त्याच्या रक्षणाला आरमाराने जावयाचे होते. आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग यांना रोकड व धान्य मिळावे म्हणून मोरोपंत पेशव्यांनी प्रभावळी सुभ्यावर वराता दिल्या होत्या. सुभ्याने त्यांपैकी काहीच पोहोचविले नाही. आरमार खोळंबले. पद्मदुर्गाला पाण्यापासून जळणाच्या लाकडापर्यंत सारे समुद्रमार्गेच पुरवावयाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या खोळंब्याचा अर्थ ध्यानात येतो. त्यातून महिना जानेवारीचा. कोकणचा दर्या नारळी पौर्णिमेनंतर मोकळा होतो आणि ज्येष्ठात गलबते पुन्हा किनाऱ्यावर ओढावी लागतात. त्या मधल्या मोसमाचा निम्मा भाग उलटून गेला होता.

आरमाराच्या कामात विश्वास दगा देतो, हा अनुभव महाराजांना नवा नव्हता. इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर त्या खाडीत पहिली लढाऊ जहाजे बांधावयास घेतली, तेव्हा कारागीर पोर्तुगीज प्रजाजनांतून घेतले होते आणि त्यांचा मुख्य रुय लैतांव व्हियेगस हा होता. काम सिद्दीविरुद्ध आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मात्र निराळा विचार केला: ही जहाजे आज सिद्दीवर जातील, उद्या आपल्यावर येतील. त्यांनी व्हियेगसला आतून निरोप पाठविला आणि १६५९ च्या सुमारास ही सारी मंडळी काम टाकून गुपचूप वसईला निघून गेली. पत्करलेल्या कामाशी ती बेइमानी होती. व्हियेगसच्या दृष्टीने कदाचित आपल्या राजाशी इमान होते. कसेही असो, परक्याच्या हातावर विसंबून आरमार उभे राहत नाही, हा धडा तेथे मिळाला. १६७५ चा खोळंबा मात्र परक्याने केलेला नव्हता. तो घरच्या सुभेदाराने केला, आणि पत्राची धार त्यामुळेच इतकी तीक्ष्ण आहे.

पत्राचा खरा अर्थ त्यातील हिशेबी शब्दांत आहे. ‘वरात’ म्हणजे अमुक महालाच्या वसुलातून अमुक रक्कम अमुकास द्यावी अशी सरकारी चिठ्ठी; लग्नाच्या वरातीशी या शब्दाचा काही संबंध नाही. ‘ऐवज’ म्हणजे रोकड किंवा तिच्या मोलाचा माल, ‘गल्ला’ म्हणजे धान्य. परंतु सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘मजरा’ हा आहे. सुभ्याने भरलेली रक्कम त्याच्या नावे जमा धरून देण्यातून वळती करणे, म्हणजे मजरा देणे. सुभेदाराच्या मनात काय असावे याचा तर्क पत्र स्वतःच करते: कोठे तरी खजिना व रसद पाठविली की ती आपल्याला मजरा मिळेल, अशी त्याची समजूत असावी. कागदावर ही समजूत चुकीची नव्हती. एका खात्यात न भरलेला पैसा दुसऱ्या खात्यात भरला तर गोळाबेरीज तीच येते. महाराजांचा आक्षेप नेमका या गोळाबेरजेवर आहे. त्यांच्या लेखी वेळेवर आरमाराला पोहोचलेले धान्य आणि उशिरा खजिन्यात पडलेली रक्कम यांची किंमत सारखी नाही. म्हणून आरमाराची भरणा खजिना-रसदेहूनही अधिक जाणून करावी, सरदारांना फिर्याद करावयास जागाच ठेवू नये, अशी आज्ञा त्यांनी केली. राज्याभिषेकानंतर सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले खरे. पण राजाचा संताप या पत्रात उतरला तो हरामखोरी, मुलाहिजा, नतीजा या रोजच्या दरबारी शब्दांतूनच.

पुढे पत्र एक भयंकर शंका बोलून दाखविते. हबशांनी काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले असेल, म्हणून अशी बुद्धी झाली असेल, असे महाराज म्हणतात. अशा चाकराला ब्राह्मण म्हणून सवलत मिळणार नाही, त्याला शत्रूच समजले जाईल, हेही बजावतात. विसाव्या शतकातील वादांत हे जातिविषयक वाक्य मागचे-पुढचे संदर्भ तोडून इतक्या वेळा फडकाविले गेले की जिवाजी विनायक हा लाचखोर म्हणून जणू सिद्धच झाला. पत्रात तसे नाही. लाचेचा मजकूर संभावनेच्या क्रियारूपात आहे, निर्णयाच्या नव्हे. व्याकरणाचा हा भेद इतिहासलेखकांनी पुसून टाकावयास नको होता. शिवाय पत्राच्या अखेरीस सुभेदाराला बडतर्फ केलेले नाही. त्याच्याचकडून भरणा मागितला आहे आणि पुन्हा बोभाट आल्यास परिणाम सांगितला आहे. लाच घेतल्याची खात्री असती, तर मोसमाच्या ऐन भरात त्याच्याच हाती पुरवठा ठेवला गेला नसता. सिद्ध झालेला अपराध एकच: दिलेली वरात वटविली नाही. महाराजांनी एवढ्याच अपराधाला देशद्रोहाच्या पंक्तीला बसविले, ही या पत्राची विशेष गोष्ट आहे.

याच दशकांत इंग्लंडच्या आरमाराचा कारभार कसा चालला होता, हे पाहिले म्हणजे ही कठोरता अधिक कळते. तेथील नौदल मंडळाचा चिटणीस सॅम्युएल पीप्स हा कर्तबगार अधिकारी होता. पण लाकडाचा मोठा मक्तेदार सर विल्यम वॉरन याने १६६४ मध्ये हातमोज्यांसोबत पाठविलेल्या ४० सुवर्णमुद्रा त्याने खुशाल ठेवून घेतल्या आणि रोजनिशीत तसे नमूदही केले. त्या काळच्या तेथील रीतीत हे फारसे गैर नव्हते. खलाशांना मात्र रोकडीऐवजी पगाराच्या चिठ्ठ्या मिळत आणि त्या वटविताना कसर द्यावी लागे. जून १६६७ मध्ये डचांनी मेडवे नदीत शिरून इंग्रजांची जहाजे जाळली, तेव्हा डच जहाजांवर इंग्रज खलाशीही असल्याची वार्ता पीप्सने टिपून ठेवली आहे. न वटणारी चिठ्ठी मनुष्याला कोठवर नेते याचा हा नमुना होय.

प्रभावळीच्या प्रकरणातील गाठ वराताच्या पद्धतीतच होती. आरमाराचा खर्च एका सुभेदाराच्या मर्जीवर टांगला की मुलकी हिशेब आणि दर्यावरची निकड यांची ओढाताण ठरलेली. राज्याभिषेकसमयी अमात्यपदी असलेल्या रामचंद्रपंतांनी सुमारे चार दशकांनी आज्ञापत्र लिहिले. त्यातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी रयतेचे आंबे-फणस जबरीने तोडू नयेत, जुने झाड लागलेच तर धन्याला राजी करून मोल द्यावे, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. त्याच प्रकरणातील दुसरा नियम मात्र कमी वाचला जातो. आरमाराची नेमणूक मुलखाच्या उत्पन्नातून कायम तोडून द्यावी. समुद्रावरील प्राप्तीवर ती सहसा लावू नये, कारण तसे केल्यास आरमाराचे लोक व्यापाऱ्यांना नाडतात आणि बंदरे ओस पडतात, असे तेथे सांगितले आहे.