दंग्यांत कोण सामील होतो? : दख्खनचे दंगे, १८७५

‘दंगा’ हा शब्द कानीं पडतांच सुशिक्षित गृहस्थाच्या मनांत एक ठराविक चित्र उभें राहतें. भान हरपलेला जमाव, हाताला लागेल तें फेकणारीं माणसें, आणि अंग चोरून गल्लीबोळांतून घर गांठणारा शहाणा नागरिक. जमावाला डोकें नसतें, असें आपण सहज बोलून जातों. परंतु जमाव माणसांचाच होतो, आणि त्यांतील प्रत्येक जण सकाळीं आपापल्या घरून निघालेला असतो. तो कां निघाला, मनांत काय धरून निघाला आणि त्याबद्दल त्याला कोणतें मोल द्यावें लागलें, हें इतिहासानें विचारण्याजोगें आहे. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर १८७५ सालच्या दख्खनच्या दंग्यांत या प्रश्नाचें उत्तर बरेंच स्पष्ट सांपडतें.

१२ मे १८७५ रोजीं, बुधवारीं, तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं आसपासच्या खेड्यांतून जमलेले शेतकरी तेथील गुजर सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चालून गेले. त्यांनीं हिशेबाच्या वह्या आणि कर्जाचीं खतें मागितलीं, कागदांची होळी केली, आणि दुकानें व घरें लुटून फस्त केलीं. सुप्यास सावकारांच्या अंगावर मात्र कोणी हात टाकला नाहीं. पण चोवीस तासांच्या आंत, तेथून सुमारें चौदा मैलांवरील एका गांवीं, मुख्य मारवाडी सावकाराचें घर व गंजी पेटवून त्याच्यावर जिवावरचा हल्ला झाला. पुढील कांहीं आठवड्यांत पुणें आणि तेव्हांच्या अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील तीसहून थोड्या अधिक गांवांत असेच प्रकार घडले. लष्कराला पाचारण करावें लागलें, गांवोगांव पोलिसांचीं ठाणीं बसलीं.

या रागाचा दारूगोळा पुष्कळ वर्षांपासून सांचत आला होता. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसाचे भाव चढले. पैसा दिसूं लागला तसा सावकारही सढळ हातानें कर्ज देऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि तो हात आंखडला. नेमक्या याच सुमारास जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपून १८६६-६७ पासून नवीन आकारणी सुरू झाली. कांहीं गांवांत साऱ्याची ही वाढ निम्म्याहूनही अधिक होती. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. जुनें येणें कायमचें लोंबकळत राहूं नये म्हणून खताला तीन वर्षांची मुदत घालण्यांत आली. हेतु ऋणकोच्या हिताचा, पण परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनीं सावकार व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागला, आणि निरक्षर शेतकरी त्यावर निशाणी करूं लागला. दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशीमंडळापुढें आलेल्या एका प्रकरणांत १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारलेलें आढळलें. पुढें फिर्याद, एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती. शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्याच्या जमिनीवरील त्याची सत्ता एका कागदाच्या तुकड्यांत शिरून सावकाराच्या पेटींत जाऊन बसली होती.

परंतु दुःख मोठें आहे एवढ्यानेंच माणूस दंग्यांत उतरत नाहीं. तसें असतें तर कर्जबाजारी खेडीं सगळींच पेटलीं असतीं. दुःखाखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात. शेजारी आपल्याबरोबर आहेत असा भरंवसा ही पहिली, आणि आपण करतों तें न्यायाचें आहे अशी समजूत ही दुसरी.

पहिलीचें उदाहरण सुप्याच्या पांच महिने आधीं शिरूर तालुक्यांतील कर्डे या गांवीं घडलें. डिसेंबर १८७४ मध्यें तेथील एका मारवाडी सावकारानें १५० रुपयांच्या येण्यापोटीं गांवच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळविला आणि त्याचें राहतें घर पाडावयास काढलें. देशमुख हा गांवांतील मानाचा माणूस. त्याचें छप्पर उतरूं शकतें तर आपलें काय, हा विचार प्रत्येक घरांत शिरला. गांवानें कोणावर हात उगारला नाहीं. त्या सावकाराचें शेत कोणी करावयाचें नाहीं, पाणी भरावयाचें नाहीं, हजामत करावयाची नाहीं, असें गांवानें ठरविलें. सावकाराला अखेर गांव सोडण्याचा विचार करावा लागला. आसपासच्या खेड्यांनींही हा कित्ता गिरविला. येथें सामील होणें म्हणजे कांहीं करणें नव्हे, तर रोजचें काम न करणें होय. न्हाव्याला आपला वस्तरा धोकटींत ठेवूनही चळवळींत भाग घेतां येत होता. पण त्यालाही धैर्य लागे, कारण बहिष्कार मोडणाऱ्यावर गांवाचा रोष होई आणि तो पाळणाऱ्याची मिळकत बुडे.

दुसऱ्या गोष्टीची, म्हणजे न्यायाच्या समजुतीची, पुरवणी एका अफवेनें केली. सावकारांनीं खतें परत द्यावीत असा विलायतेहून राणीचा हुकूम आला आहे, अशी वदंता गांवोगांव पसरली होती. ती साफ खोटी होती. पण तिच्यांतून शेतकऱ्याचें मन दिसतें. सरकार उलथून टाकण्यासाठीं तो निघाला नव्हता. आपण सरकारचा हुकूमच बजावीत आहों, असें त्याला वाटावयास हवें होतें. म्हणूनच कित्येक ठिकाणीं मागणी प्रथम खतांची होई. तीं मुकाट्यानें मिळालीं तर जमाव परतत असे. नकार मिळाला कीं मग मारझोड व जाळपोळ. ज्याला डोकें नाहीं असें आपण म्हणतों तो जमाव सोन्याआधीं कागद मागत होता.

अर्थात् सर्वांचे हेतु सारखे शुद्ध होते असें मानणें भाबडेपणाचें ठरेल. सुप्यास कापड आणि धान्यही लुटलें गेलें, आणि अटकेनंतर त्यांतील बराच माल लोकांच्या घरांतून परत मिळाला. ज्याचें शेत गहाण पडलें होतें तो आणि ज्याला फुकटचें लुगडें दिसलें तो, दोघेही एकाच गर्दींत खांद्याला खांदा लावून उभे होते. सावकाराचीही एक बाजू होती. तो बहुधा परप्रांतांतून आलेला, गांवांत एकटा पडलेला, आणि सरकारी सारा वेळेवर भरला जावा म्हणून सरकारलाही हवासा असा माणूस होता. कायद्यानें दिलेलें हत्यार त्यानें वापरलें. तें हत्यार घडविणारे मात्र मुंबईंत व कलकत्त्यांत सुखरूप होते. पेटत्या घरांतून बाहेर पडणाऱ्या त्याच्या बायकामुलांना हा युक्तिवाद ऐकवून कांहीं उपयोग नव्हता. दंग्याचा हाच मोठा दोष, कीं तो जवळच्या माणसावर उतरतो आणि दूरच्या कारणाला हातही लावीत नाहीं.

सामील झाल्याचें मोल किती? दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं आणि त्यांतील ५०१ जणांना शिक्षा झाल्या. या पांचशेंची हकीकत त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आपल्याला मिळत नाहीं. लिहितां येत नव्हतें म्हणून तर ते त्या खतांत सांपडले होते. आत्मवृत्त ते कोठून लिहिणार? त्यांचे उद्गार उरले आहेत ते फौजदारी जबान्यांतून आणि अधिकाऱ्यांच्या इंग्रजी अहवालांतून. आरोपीची जबानी मोकळ्या मनाची नसते, आणि अधिकारी आपल्याला हवें तें अधिक लक्षपूर्वक ऐकतो. चौकशीमंडळाचा अहवाल १८७८ सालीं विलायतेच्या पार्लमेंटपुढें ठेवण्यांत आला. सावकाराच्या जाचावर त्याचा रोख होता; साऱ्याच्या वाढीचा दोष मात्र त्यानें पुष्कळसा हलका लेखला.

याच काळांत पुण्याची सुशिक्षित मंडळीही स्वस्थ नव्हती. १८७० सालीं स्थापन झालेली सार्वजनिक सभा वाढीव साऱ्याविरुद्ध अर्ज करीत होती आणि आंकडे मांडीत होती. शहरांतील अर्ज, कर्ड्याचा बहिष्कार आणि सुप्याची होळी हे एकाच गाऱ्हाण्याचे तीन उच्चार होत. अर्ज वाचले जात आणि दप्तरीं दाखल होत. होळीनंतर मात्र सरकारनें हालचाल केली. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यांत आला. खताच्या मागें जाऊन मूळ देणें किती होतें तें पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला, आणि कर्जापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकण्याची रीत बंद झाली. कायदा सर्वांगपूर्ण नव्हता. सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेण्याची वाट शोधूं लागले, आणि गरजेच्या वेळीं कर्ज मिळणेंही कठीण झालें. तरी कागदाच्या शब्दापुढें न्यायालयानें डोळे मिटून मान तुकवावी, ही रीत त्या चार जिल्ह्यांत मोडली.

या कायद्याचा लाभ सुप्यास गेलेल्यास मिळाला आणि दार लावून घरीं बसलेल्यासही मिळाला. शिक्षा मात्र पहिल्यालाच झाली. दंग्यांत सामील होणाऱ्याला आपण वेडा म्हणतों आणि घरीं राहणाऱ्याला शहाणा. १८७५ च्या हकीकतीवरून हा निवाडा इतका सोपा दिसत नाहीं. जाळपोळ आणि लूट यांचें समर्थन तींतून होत नाहीं. कर्ड्याच्या गांवकऱ्यांनीं आग न लावतांही आपलें म्हणणें मांडून दाखविलें होतें. पण ज्या राज्यांत शांतपणें केलेला अर्ज वाचला जातो आणि जळालेला कागद मात्र कायदा बदलवितो, त्या राज्यानें दंगा कोणी शिकविला हा प्रश्न रयतेला विचारण्यापूर्वीं स्वतःला विचारणें बरें.