महासचिवाची निवड (संयुक्त राष्ट्रे)
संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्याची नेमणूक. सनदेच्या अनुच्छेद ९७ नुसार सुरक्षा परिषद शिफारस करते आणि आमसभा नेमते. खरा निर्णय परिषदेतच होतो, कारण पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचाही नकाराधिकार उमेदवाराला बाद करतो. १९८१ मध्ये तिसरी मुदत मागणारे कुर्ट वाल्डहाइम यांना चीनने १६ फेऱ्यांत अडवले, तर टांझानियाचे सलीम अहमद सलीम यांना अमेरिकेने. दोघे बाजूला झाल्यावर पेरूचे हाविएर पेरेझ दे क्वेयार निवडले गेले. पाचांपैकी कोणालाच ते नकोसे नव्हते, हीच त्यांची मोठी पात्रता. १९९६ मध्ये बुत्रोस बुत्रोस-घाली यांना १५ पैकी १४ मते मिळूनही अमेरिकेच्या नकाराने दुसरी मुदत हुकली आणि कोफी अन्नान महासचिव झाले.