संतूर आणि रागसंगीताची मैफल : एक ऐतिहासिक विचार

काश्मीरच्या सूफियाना मौसिकीत गायनाच्या साथीसाठी वापरले जाणारे संतूर हे तंतुवाद्य पंडित शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनी १९५५ साली मुंबईच्या मैफलीत स्वतंत्र रागवादनासाठी सादर केले. त्यामागे त्यांचे वडील व गुरू पंडित उमादत्त शर्मा यांचा आग्रह होता. जाणकारांचा आक्षेप मात्र मूलगामी होता : कलमांच्या आघाताने उमटणारे स्वर तुटक असतात, त्यांतून मींड निघत नाही. हिंदुस्थानी वाद्यसंगीत गायकीच्या कसोटीवर पारखले जात असल्याने या आक्षेपाने संतूरच्या रागक्षमतेवरच प्रश्नचिन्ह उभे केले.

शर्मा यांनी वाद्यातच बदल घडविले. तारांची जुळणी व स्वरांची मांडणी बदलली, लाकडी बैठकीऐवजी वाद्य मांडीवर घेतले आणि तारांवरून कलम अलगद घसरवून स्वरसातत्याचा आभास निर्माण केला. जोड-झाल्यातील लयकारीला तर हे आघातप्रधान वाद्य स्वभावतःच अनुकूल ठरले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेने त्याला व्यापक श्रोतृवर्ग लाभला.

सारांश, मैफलीच्या कसोटीने संतूरला नवे रूप दिले. त्याचबरोबर संतूरनेही अखंड मींडेविना राग ऐकण्याची सवय श्रोत्यांना लावून ती कसोटी अधिक व्यापक केली.