बट्टा आणि बिरुद

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे जिजाऊ जन्मोत्सवाची गर्दी लोटते. तेथील एका पालावर आम्हांस एक जाड, कडेला चिरलेली शिवराई दिसली. सोबत पुठ्ठ्याचा तुकडा: 'राज्याभिषेक शिवराई, अतिदुर्मिळ व्हरायटी'. नाणे अस्सल होते. मजकूर मात्र तपासण्याजोगा होता.

राज्याभिषेक १६७४ सालचा. हाती होते त्या नाण्याच्या पाठीवर 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा स्पष्ट होत्या. याच खुणेवरून अशा नाण्याला दुदांडी शिवराई म्हणतात, आणि ती पेशवाईच्या अखेरच्या व तिच्या नंतरच्या काळातील. म्हणजे अंतर सव्वाशे वर्षांहून अधिक! शिवरायांच्या पश्चातही 'श्री राजा शिव' हीच अक्षरे पाडली जात राहिली आणि बहुतेक शिवरायांवर साल वा टांकसाळ यांचा उल्लेख नाही. विक्रेत्याचे फावते ते येथेच. त्यातून पेशव्यांनी टांकसाळी मक्त्याने दिलेल्या. ठसा कोरणाऱ्याला शुद्धलेखनाची फिकीर नसे. कुठे 'शिव' तर कुठे 'सिव', कुठे 'पति' तर कुठे 'पती'. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यास यात आनंद आहे. बाजारात मात्र प्रत्येक ऱ्हस्वदीर्घाची एक 'दुर्मिळ व्हरायटी' होते.

नाण्यांना नावे देण्याची आपली परंपरा जुनीच आहे. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा तो चांदवडी, निजामाचा चालू चलनातला तो हाली सिक्का. ही नावे सराफाच्या पेढीवर रुळली, कारण प्रत्येक नाण्याला बट्टा किती लावायचा हे नावावरून ठरे. सराफ काही साधुपुरुष नव्हता. पण त्याचे नाव चुकीचे निघाले तर तोटा त्याच्याच पदरी पडे. आजचे बिरुद किंमत चढवण्यासाठी असते आणि ते चुकले तर भुर्दंड घेणाऱ्यास.

बुलढाणा जिल्ह्याला हा नामघोळ विशेष परिचित असावा. याच जिल्ह्यात साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पाडाव केला आणि दख्खनेत स्वतःची सत्ता उभी केली; गावाला फत्तेखेर्डा हे नावही पडले. तरीही पुढे १८५७ पर्यंत निजामाच्या रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचे! पेशव्यांच्या अंकुशी रुपयाचीही तीच गत. आज फारसी अक्षरे दिसली की 'मोगलकालीन' अशी चिठ्ठी लागते. येथे दोष सर्वस्वी विक्रेत्याचा म्हणवत नाही; नाणे स्वतःच अर्धसत्य सांगत असते.

राम दरबाराच्या 'कंपनीच्या नाण्या'ची कथा निराळी. त्यावर ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८ असे कोरलेले असते आणि लाखोंच्या गोष्टी सांगितल्या जातात. कंपनी देवादिकांना नाण्यावर घेत नसे, हे त्याचे नेहमीचे खंडन; पण तेही बरोबर नाही, कारण मद्रासच्या कंपनी-होनांवर विष्णुमूर्ती आहे. खरे उत्तर एवढेच, की असे नाणे कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीने पाडले नाही. मुंबई इलाख्यातील कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू आणि न्यायवाचक फारसी शब्द असे. राम दरबाराचे ते देवस्थानी टाक, पूजेत ठेवायचे. सालही १८१८ निवडलेले, मराठी माणसाला पाठ असणारे! हा व्यवहार पुढे इतका बोकाळला, की जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीत आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर करावे लागले.

पालावरच्या गृहस्थास आम्ही त्या दोन रेघा दाखवल्या. तो मुळीच ओशाळला नाही. "दुदांडी लिवलं त कोन घेईन, सर?" निम्म्या किमतीत त्याने शिवराई आमच्या हातावर ठेवली. पुठ्ठा मात्र त्याने ठेवून घेतला आणि दुसऱ्या नाण्याखाली सरकवला.